परातीच्या पोटात

दोर ओढला की वर जायचं, इतकं ते सोपं होतं. केतकीनं दोर ओढला आणि दोरच खाली आला.

काठावरच्या कठड्याला तिनं स्वतःच्या हातानं मारलेली गाठ सुटली होती. निळा नायलॉनचा दोर उतारावरून जराही आवाज न करता घसरत आला, तिच्या गुडघ्यांना लागला, पलीकडे गेला आणि थोड्या वेळानं पुन्हा तिच्याकडे आला. तिच्या सासऱ्यांची, आप्पांची, त्या बाजूला पाठ होती. ते हळदी-कुंकवाच्या पुड्या बांधत होते.

"ओढ की आता," ते म्हणाले. "बूड गारठलं माझं."

"ओढला," केतकी म्हणाली. "सुटला."

आप्पा वळायला गेले आणि भोवऱ्यासारखे स्वतःभोवती फिरले. तिनं त्यांचा खांदा धरून त्यांना थांबवलं, तर तीच फिरली. जमिनीला धरून ठेवायची बुद्धी नसली की असं होतं.

ती जमीन म्हणजे परात. कागदोपत्री तिचं नाव 'निर्घर्ष वहनपीठ' होतं, पण तासगावच्या माळावर बेदाण्याच्या पेट्या हलवणाऱ्या माणसांनी तिला पहिल्याच दिवशी परात म्हटलं आणि ते नाव चिकटलं. तिथं चिकटलेली ती एकच गोष्ट. शीतगृहाच्या मोठ्या गोल दालनात ही उथळ परात बसवली होती. काठापासून मधोमध ती जेमतेम दीड हात खोल होती, पण एवढी रुंद की या काठावरून त्या काठाला हाक मारावी लागायची. तिच्यावर एक लेप होता. घर्षण म्हणजे काय, तर दोन पृष्ठभागांच्या बारीक खडबडीतपणाची आणि रेणूरेणूंमधल्या ओढीची कटकट. या लेपात रेणू ब्रशच्या केसांसारखे उभे राहत, इतके दाट आणि इतके एकसारखे, की वर ठेवलेल्या वस्तूला अडकायला जागाच मिळत नसे. मग पेट्यांचा आख्खा ढीग या काठावरून नुसता सोडायचा. तो उतरत मध्यावर जायचा, तिथं त्याचा वेग सगळ्यांत जास्त असायचा, आणि त्याच वेगाच्या जोरावर समोरचा चढ चढून पलीकडच्या काठाला जवळजवळ टेकायचा. तिथं उभ्या असलेल्या माणसानं आकड्यानं तो ओढून घेतला की काम झालं. मोटार नाही, चाक नाही, की थंडीत उष्णता सोडणारं यंत्र नाही. फक्त पृथ्वीची ओढ आणि गतीचे नियम. चार वर्षांत राज्यभर अशा पराती झाल्या, आणि त्यातली ही पहिली परात केतकी खोतनं आखली होती.

तिच्या आखणीचीच ती आता मध्यावर बसून फळं भोगत होती.

खरं तर दोष खंडेनवमीचा नव्हता, आणि थोडा होताही. सकाळी शीतगृह चालवणाऱ्या बेदाणा संघाच्या सगळ्या कामगारांनी हत्यारांची पूजा केली. वजनकाटे, हातगाड्या, पान्हे, आणि परातीत उतरायच्या दोराचा पोलादी आकडा, सगळं कचेरीत पाटावर मांडून झेंडू वाहिला. पूजलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नाही, हा तिथला रिवाज. मंडळी पेढे खाऊन घरी गेली. आप्पांना मात्र चैन पडेना. परातीच्या काठाला कुंकू लागलं, पण पोटाला लागलं नाही, म्हणून ते हटून बसले. संपत खोत सरांनी, म्हणजे आप्पांनी, उभी हयात शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं होतं, आणि उभी हयात हत्यारांना कुंकूही लावलं होतं. दोन्हीत त्यांना कधी भांडण दिसलं नाही.

"पाच मिनिटांचं काम," केतकी म्हणाली होती. आकडा पाटावर होता, म्हणून तिनं दोराचं मोकळं टोक कठड्याला गाठ मारून बांधलं. दोराला हात घालायला ठिकठिकाणी शिवलेले कान होते. ते धरून दोघं बसल्या बसल्या खाली उतरली. अनवाणी, कारण पूजा होती. ती सणाच्या साडीत, ते पातळ झब्ब्यात, कारण पाच मिनिटांचंच काम होतं. मोबाइल बाहेरच्या पेटीत, कारण खिशातून काही पडलं तर लेपाला ओरखडा जाईल म्हणून तिनंच तसा नियम केला होता.

दोराला कधीही गाठ मारायची नाही, आकडाच लावायचा, हा नियमही तिचाच. चार वर्षं परातीवर घासून घासून दोराला लेपाची भुकटी लागली होती. आणि गाठ म्हणजे तरी काय? दोरानं दोराला धरून ठेवणं. घर्षण काढून घेतलं की जगातली कुठलीही गाठ ही नुसती वळणं असतात.

"ओरडूया का?" आप्पांनी विचारलं.

"भिंती फोमच्या आहेत, हातभर जाड. वॉचमन फाटकावर. त्याला वाटतंय आपण मघाशीच गेलो."

"मग कोणी कधी येणार?"

"परवा. दसऱ्याची सुट्टी झाल्यावर."

दालनात चार अंश तापमान होतं. बेदाण्याला ते मानवतं.

आधी त्यांनी सगळ्यांना सुचतं तेच केलं. केतकी उभी राहायला गेली आणि कोपरावर आपटली. पाय मागे रेटल्याशिवाय माणूस पुढे जात नाही, आणि इथं रेटायला जमीनच राजी नव्हती. आप्पा पालथे पडून हातांनी वल्हवू लागले. ते जागच्या जागी हलले, आणि थोड्या वेळानं धापा टाकत थांबले. मग दोघांच्या डोक्यात एकदमच आलं आणि दोघांनी एकदमच पूजेसाठी आणलेल्या नारळाकडे पाहिलं.

"तिसरा नियम," आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात वर्ग भरल्याचा आनंद होता. "आपण नारळ तिकडं ढकलला की नारळ आपल्याला इकडं ढकलणार. तेवढ्याच बळानं."

"आप्पा, परात सपाट असती तर चाललं असतं."

"बघू तरी."

त्यांनी नारळ सगळी ताकद लावून फेकला. नारळ काठाकडे धावला, कठड्यावर आपटला आणि परत फिरला. आप्पाही मागे सरकले, दोन-तीन हात, मग चढ लागला, ते थबकले, आणि अलगद परत मध्यावर आले. मागाहून नारळही आला. झेंडूच्या पाकळ्या, पुडीतून सांडलेलं कुंकू, दोर, नारळ आणि दोन माणसं, सगळं त्या मध्याभोवती मागे-पुढे डुलत राहिलं. परातीत काही हरवत नाही, असं केतकी उद्घाटनाच्या भाषणात म्हणाली होती. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

"बाहेर पडायला वेग पाहिजे," ती म्हणाली. "धावत येऊन झोपाळा गाठावा तेवढा. नारळानं तो मिळत नाही. आणि वेग मिळवायला टेकायला काहीतरी जड पाहिजे."

थंडी आधी तळव्यांतून आली, मग पाठीतून. आप्पांचे ओठ काळसर दिसायला लागले, तशी तिला भीती वाटली. स्वतःपेक्षा त्यांची जास्त. ते अडुसष्टचे होते, आणि परवाच्या सकाळपर्यंत ते टिकणार नाहीत हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

"प्रताप येईल बघ," ते म्हणाले. प्रताप सावळे संघाचा चेअरमन, आणि त्यांचा जुना विद्यार्थी. "सणाचा पाया पडायला येतोच तो घरी. घरात कुणी नाही म्हटल्यावर शोधत येईल."

"नाही येणार."

"का?"

"मला तोंड दाखवायला लाजतात ते." केतकीनं पदर खांद्यांभोवती घट्ट गुंडाळला. हे असं, इथं, बोलायचं नव्हतं. पण बाहेर कुठं बोलली असती, तेही तिला माहीत नव्हतं. "विशाखापट्टणमच्या बंदराचं काम मला मिळून पाच महिने झाले. संघ मला सोडतच नाही. आज सही करतो, उद्या करतो. गेल्या आठवड्यात मी प्रतापदादांना कोंडीत पकडलं. तेव्हा ते म्हणाले, सरांनीच सांगितलंय, तिला मोकळं करू नकोस म्हणून."

आप्पांनी पाकळ्यांकडे पाहिलं.

"एक वर्ष म्हटलो होतो मी त्याला," शेवटी ते म्हणाले. "एकच वर्ष."

"मला विचारायचं."

"विचारलं असतं तर तू गेली असतीस."

निनाद, त्यांचा मुलगा आणि तिचा नवरा, नॉर्वेत गेला तो तिकडचाच झाला. त्याचं तिथं दुसरं घर झालं, इकडे कागदावरचं नातं रीतसर संपलं. तेव्हा सासूबाई अंथरुणावर होत्या, म्हणून केतकी राहिली. सासूबाई गेल्या, तेव्हा आप्पा एकटे पडले, म्हणून राहिली. प्रत्येक वेळी ती दारापर्यंत जायची आणि कशानं तरी परत मध्यावर यायची. आप्पा तिला कधी वावगा शब्द बोलले नाहीत. सकाळचा चहा तेच करून द्यायचे. एखादा वाईट सासरा असता तर तिला सुटणं सोपं गेलं असतं, आणि त्याचाही तिला मनातून राग होता.

"जगलो-वाचलो तर भांडू," ती म्हणाली. "आता अंग हलवा. रक्त गोठवून घेऊ नका."

आप्पांनी हात चोळले, खांदे फिरवले, आणि फिरवता फिरवता थांबले.

"टेकायला काहीतरी जड पाहिजे म्हणालीस ना?"

"हो."

"माझ्याइतकं जड काय आहे इथं?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग तिच्या डोक्यात आकडेमोड आपोआप सुरू झाली, तिचा जन्मच त्यात गेला होता. दोघांनी एकमेकांना ढकललं, तर दोघांवर बळ सारखंच. पण तेवढ्याच बळानं हलकी वस्तू जास्त वेग घेते, जड वस्तू कमी. आप्पा तिच्या दीडपट. म्हणजे ते जिथं दोन हात जातील तिथं ती तीन हात जाईल. दोघंही चढावर थबकून परत येतील. आणि इथं परातीचा खरा गुण होता. कोण किती लांब गेलं याला महत्त्व नव्हतं. जवळ गेलेला सावकाश येतो, लांब गेलेला वेगानं येतो, आणि मध्यावर दोघं एकाच क्षणी पोचतात. त्या क्षणी पुन्हा ढकलायचं. झोपाळ्याला प्रत्येक फेरीला झोका द्यावा तसं.

"ढकलायचं कसं?" ती म्हणाली. "समोरासमोर आलो तर आपटू. होता नव्हता तो वेग जाईल."

"खो द्यायचा," आप्पा म्हणाले.

शाळेत मुलींचा खो-खोचा संघ त्यांनीच तयार केला होता. समोरून येणाऱ्याला अडवायचं नाही, शेजारून जाऊ द्यायचं, आणि तो जरा पुढे सरकला की मागून पाठीवर हात रेटायचा. जाणारा जोरात जातो, आणि देणारा तेवढाच उलट्या दिशेला. दोघांचाही वेग वाढतो, कुणाचाच कमी होत नाही.

"पहिला धक्का पायांनी," ते म्हणाले. "पायात बळ जास्त. तळव्याला तळवा लाव."

केतकी घुटमळली. थोरल्यांना चुकून पाय लागला तरी नमस्कार करायचा, अशा घरात ती वाढली होती.

"लाव गं. पाप असलं तर माझ्या नावावर मांड. उजवाच लाव, म्हणजे वाटा जरा बाजूबाजूनं पडतील."

तिनं त्यांच्या थंडगार तळव्याला आपला तळवा लावला. त्यांनी एक, दोन म्हटलं आणि दोघांनी पाय झाडले.

इतका वेळ जागेला खिळल्यावर ते सरकणं जवळजवळ सुखाचं होतं. काठ तिच्याकडे येऊ लागला. निम्म्याच्या पलीकडे गेल्यावर चढानं तिला ओढून धरलं, ती थांबली, आणि पाठमोरी परत निघाली. आप्पा तिकडून येत होते, संथ, फिरत, झब्बा फुगलेला. मध्यावर त्यांचे खांदे आपटले. तिच्या दातात जीभ सापडली. दोघंही तिथंच लोळत राहिली, वेग गेलेला.

"अंग काढायचं बाजूला," आप्पा कण्हत म्हणाले. "वाहनं जातात तशी. पुन्हा लाव पाय."

दुसऱ्यांदा जमलं. ते शेजारून गेले, असं तिला वाटलं न वाटलं तोच आप्पांचा पंजा तिच्या पाठीवर बसला, पण बोटं टेकली तेवढीच.

"आप्पा, ढकला."

"सुनेच्या पाठीवर हात टाकायची सवय नाही गं मला," ते लांबून ओरडले.

"आता टाका."

पुढच्या फेरीला त्यांनी टाकला. तिनंही त्यांच्या पाठीवर दोन्ही हात रेटले. तिचा जोर त्यांना लागला तेवढाच तिलाही लागला, आणि काठ आता स्पष्ट दिसायला लागला. कठड्याचे उभे गज, त्यांच्यावरचा गंज. मग परत. मग पुन्हा खो. ती मनाशी वेग धरत होती. आणखी थोडा. आणखी एक-दोन फेऱ्या.

पण त्या एक-दोन फेऱ्या संपेनात. ती पूर्वीच्याच जागेपर्यंत जायची आणि परत यायची. हवेची अडवणूक धरली तरी हिशेब लागत नव्हता. ती तर जीव तोडून रेटत होती. पुढल्या वेळी मध्यावर येताना तिनं डोळे उघडे ठेवले, आणि तेव्हा तिला कळलं. आप्पा खो देत होते, आणि खो देऊन झाल्यावर त्यांची बोटं क्षणभर तिच्या दंडाभोवती आकड्यासारखी अडकत होती. तेवढ्या क्षणात तिला मिळालेला वेग निम्मा परत जात होता. त्यांचाही जात होता.

"तुम्ही धरताय," ती चढावरून ओरडली.

आप्पा समोरच्या चढावरून परत निघाले होते.

"आप्पा, तुम्ही मला धरताय."

ते मध्यावर भेटले तेव्हा तिनं ढकललं नाही. त्यांचा हात तिच्या दंडात अडकला तसाच राहू दिला. दोघंही एकमेकांभोवती गिरकी घेत थांबली. त्यांचा चेहरा अगदी जवळ होता, भुवयांवर दव साचलेलं.

"मुद्दाम नाही," आप्पा म्हणाले. "देवाशपथ मुद्दाम नाही. हात आपोआप मिटतोय."

"मला माहीत आहे."

"तू काठाला पोचलीस की मी परत इथं येणार. एकटा. मला ढकलायला मग कोणी नाही." त्यांचे दात वाजत होते, तरी त्यांनी ते नीट, धडा सांगावा तसं सांगितलं. "हे मी पहिल्या खोच्या वेळीच ओळखलं होतं. तू हलकी, तू आधी सुटणार."

केतकीला त्यांची दया आली आणि त्याच वेळी इतका संताप आला की तिचे कान गरम झाले. त्या थंडीत तेवढीच ऊब.

"आणि मी बाहेर पडून तुम्हाला इथंच ठेवीन असं वाटतंय तुम्हाला?"

"ठेवलंस तरी बोलायला मला तोंड नाही."

"त्याचा हिशेब वेगळा. पण असं धरून ठेवलंत तर मीही इथंच मरणार आहे, आप्पा. तुमच्याबरोबर. परवा लोक दार उघडतील तेव्हा आपण दोघं इथं मध्यावर असू, नारळाच्या शेजारी."

आप्पांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग दुसऱ्या हातानं त्या हाताची बोटं तिच्या दंडावरून काढली, अंगठ्यापासून. खाली पडलेला दोर त्यांनी गोळा केला, त्याची वेटोळी करून तिच्या गळ्यात घातली.

"दोर तू घे."

"तुमच्याजवळ काहीच राहणार नाही मग."

"माझ्याजवळ राहून काय उपयोग? मी कुठं फेकू?" ते म्हणाले. "मुठी वळून ढकलतो. मूठ धरू शकत नाही. लाव पाय."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पाय, मग खो, मग खो. आप्पांची मूठ तिच्या पाठीत गुद्द्यासारखी बसायची आणि ती कळवळायची, पण प्रत्येक फेरीला काठ हातभर जवळ यायचा. आता मध्यावरून जाताना ती एवढ्या वेगात असायची की आप्पा एखाद्या चुकलेल्या स्टेशनासारखे मागे पडायचे. शेवटच्या वेळी ते येताना दिसले तेव्हा त्यांनी दोन्ही मुठी छातीशी घेतलेल्या होत्या. त्यांनी तोंडानं मोठ्यानं "खो" म्हटलं, मैदानावर म्हणायचे तसं, आणि तिच्या पाठीवर दोन्ही मुठी इतक्या जोरानं हाणल्या की तिचा श्वास गेला.

चढ आला. काठ आला. तिनं हात लांब केला. बोटं गजावरून घसरली, तिच्या बोटांनाही भुकटी लागलेलीच होती. तिनं कोपर घातलं. कोपर गजात अडकलं, खांद्यातून कळ निघाली, आणि ती लोंबकळत थांबली.

खरखरीत सिमेंटच्या ओट्यावर ती पालथी चढली. उभी राहायला गेली आणि पडली. पाय अजून परातीचेच होते. दाराशी पाय पुसायचं गोणपाट होतं, तिथवर ती गुडघ्यांवर रांगत गेली आणि तळवे घासघासून पुसले. मग ती उभी राहिली. तळव्याखाली सिमेंट टोचत होतं. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत काही वाटलं नव्हतं.

दार तिथंच होतं. पलीकडे ऊन होतं, तिचा मोबाइल होता, फाटकावर वॉचमन होता. ती वळली. खाली आप्पा मागे-पुढे जात होते, गुडघे पोटाशी घेतलेले, वर न बघता. त्यांनी तिला हाक मारली नाही. ते हाक मारतील म्हणून ती क्षणभर थांबली होती, आणि ती थांबली होती याचीच तिला लाज वाटली.

तिनं गोणपाट ओढून ओट्याच्या कडेला टाकलं, त्यावर पाय रोवले, दोराचा एक कान मनगटात अडकवला आणि बाकीचा दोर हातात घेतला. आप्पा तिच्या बाजूला यायला लागले तसा तिनं तो भिरकावला. दोर त्यांच्यामागे पडला. ते चढावर थबकले, आणि परत निघाले, तिच्यापासून लांब.

"आप्पा, दोर येतोय. बघा इकडे."

परातीतली वस्तू परत येते. तेही आले. या वेळी तिनं ओढून घेऊन पुन्हा फेकलेला दोर त्यांच्या मांडीवर पडला, आणि त्यांनी दोन्ही हात शिवलेल्या कानांत घातले, आरपार, मनगटापर्यंत. केतकीनं ओढलं. तिचे पाय गोणपाटावर आणि गोणपाट सिमेंटवर घट्ट राहिलं. खाली माणसाचं वजन नव्हतंच जणू, घर्षण नसलेला एवढा मोठा माणूस तिच्या हातांनी सरसर वर आला.

काठावर घेतल्यावरही त्यांची बोटं दोर सोडेनात. गारठून ती मिटली होती आणि उघडत नव्हती. तिनं ती आपल्या हातात घेतली, त्यांच्यावर श्वास सोडला, आणि एकेक करून उकलली.

बाहेर तीन-साडेतीनचं ऊन होतं. तिनं त्यांना कचेरीच्या पायरीवर बसवलं, पाटाखालची सतरंजीची जाड घडी ओढून त्यांच्या अंगावर टाकलं. वॉचमन धावत आला, त्याला तिनं चहाला पिटाळलं. आप्पा थोडे माणसात आले, तसे ते म्हणाले, "प्रतापला लाव."

"आधी चहा घ्या."

"लाव म्हणतोय ना."

त्यांना मोबाइल धरता येईना. तिनं तो त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून प्रताप सणाच्या शुभेच्छा देऊ लागला. आप्पांनी त्याला मध्येच तोडलं.

"प्रताप, केतकीला मोकळं कर. उद्या सुट्टी आहे, परवा सही कर."

"पण सर, तुम्हीच तर..."

"मीच म्हणालो होतो. चुकलं माझं ते. परवा म्हणजे परवा. मी समोर येऊन उभा राहणार आहे."

केतकीनं मोबाइल खाली घेतला. पाच महिन्यांचा राग एवढ्यानं उतरत नाही, हे तिला आत जाणवत होतं. पाठ ठणकत होती, जिथं मुठी बसल्या होत्या तिथं.

"राग गेला नाही माझा," ती म्हणाली.

"जाऊ नये. एवढ्यात नाही."

"आणि तुमचं काय? घरात तुम्ही एकटे."

आप्पांनी सतरंजी गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि वर्गात फळ्याकडे वळण्याआधी पोरांकडे बघायचे तसं तिच्याकडे पाहिलं.

"धक्का दोघांनाही सारखाच बसतो. नियमच आहे तो. पण मी तुझ्या दीडपट आहे," ते म्हणाले. "मी कमी हलेन."

चहा आला. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. ऊन अंगावर घेऊन आता बराच वेळ झाला होता, तरी त्यांची हनुवटी थरथरायची थांबली नव्हती.